कोंबडीच्या रोगजंतूची वंशावळ : व्यापाऱ्याच्या कामाची विद्या

परतवाडा म्हटले की सागवान आणि संत्री आठवतात. पण याच बाजारपेठेवर कोंबडीच्या धंद्यातील कुटुंबेही जगतात. शेडवाले, पिल्ले पोहोचवणारे, रात्री शेडवरून माल उचलणारे, चिकनची दुकाने चालवणारे, अंड्यांचे ट्रे विकणारे, जाळ्या आणि पिंजरे बनवणारे कारागीर आणि मेळघाटातील आठवडी बाजारांत गावरान कोंबडी घेणारे-विकणारे फेरीवाले, असा हा मोठा पसारा आहे. या सर्वांचे भांडवल जिवंत असते. कापड पडून राहिले तर भाव उतरतो, कोंबडी आजारी पडली तर भांडवलच मरते.

शेडमध्ये मर लागली की पहिले भांडण सुरू होते ते दोष कुणाचा यावर. शेडवाला म्हणतो, पिल्लेच रोगट आली. पिल्ले देणारा म्हणतो, तुमचे तूस ओले होते, पाणी खराब होते. कुणी माल उचलणाऱ्याच्या जाळ्यांकडे बोट दाखवतो, कुणी शेजारच्या गावरान कोंबड्यांकडे. प्रत्येकाचे म्हणणे खरे असू शकते आणि पुरावा कुणाकडेच नसतो. अशा वेळी नुकसान बहुधा त्याच्या माथी येते ज्याची पत कमी आणि ज्याच्या हाती कागद नाही. समजा, पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये शंभरी आठ पक्षी जास्त मेले. म्हणजे चारशे पक्षी गेले. दोन किलोचा पक्षी आणि शंभर रुपये किलो भाव धरला तरी हा ऐंशी हजारांचा खड्डा आहे. तो कुणी भरायचा?

या प्रश्नाला उत्तर देणारी एक विद्या गेल्या चाळीस वर्षांत तयार झाली आहे. रोगजंतूच्या जनुकांवरून त्याचे नेमके वाण ओळखणे, ही ती विद्या. रोगाचे नाव कळले तर औषधाचा विचार करता येतो. जंतूचे वाण कळले तर रोग कुठून आला हेही शोधता येते. आपल्या व्यापारी बांधवांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिचा संबंध थेट हिशोबाच्या वहीशी आहे.

एका आडनावाची अनेक घरे

प्रथम एक फरक लक्षात ठेवावा. मानमोडी म्हणजे राणीखेत आणि बर्ड फ्लू हे विषाणूंचे रोग आहेत. प्रतिजैविक औषध विषाणूवर चालत नाही. जीवाणूंमुळे होणारे रोग वेगळे. पिल्लांची पांढरी हगवण, कोंबड्यांचा टायफॉइड, कोंबड्यांचा कॉलरा, तोंड सुजवणारा कोरायझा, श्वासाचा जुनाट रोग म्हणजे सी.आर.डी. आणि ई. कोलाय जंतूचा संसर्ग हे यांतील प्रमुख होत.

कोंबडीचा कॉलरा आणि टायफॉइड ही नावे ऐकून घाबरू नये. माणसाच्या कॉलरा-टायफॉइडशी त्यांचा संबंध नाही, दोन्हींचे जंतू वेगळे आहेत.

आता एकेका जंतूचे नाव म्हणजे केवळ आडनाव समजावे. एका आडनावाची गावात पन्नास घरे असतात, कुणी सालस तर कुणी उपद्रवी. साल्मोनेला या एका नावाखाली अडीच हजारांहून जास्त प्रकार नोंदलेले आहेत. ई. कोलाय तर निरोगी कोंबडीच्या आतड्यातही असतो आणि बहुतेक वाणे निरुपद्रवी असतात. काही थोड्या वाणांजवळ मात्र रोग करणारी जनुके असतात आणि तीच पक्ष्याच्या रक्तात, हृदयाच्या आवरणात आणि यकृतावर पसरतात. म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर नुसते ‘ई. कोलाय सापडला’ एवढे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ फार थोडा आहे. कोणता सापडला, हा खरा प्रश्न.

सागाच्या ओंडक्यावरचा छाप

परतवाड्याच्या लाकूड डेपोत व्यवहार करणाऱ्यांना ही गोष्ट लवकर समजेल. लिलावाला येणाऱ्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा छाप आणि क्रमांक असतो. साग सगळा सारखाच दिसतो, पण छाप पाहून माल कुठला हे सांगता येते. जंतूच्या अंगावरही असा छाप आहे. तो त्याच्या डी.एन.ए.मध्ये, म्हणजे वंशाच्या धाग्यात, चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. साल्मोनेलाच्या धाग्यात अशी सुमारे सत्तेचाळीस लाख अक्षरे असतात. जंतू एकाचे दोन होताना ही अक्षरे उतरवली जातात आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. दोन जंतूंत अक्षरांचा फरक अगदी थोडा असेल तर त्यांचे मूळ नुकतेच एक होते असे समजतात. फरक मोठा असेल तर नाते दूरचे.

पूर्वी हा छाप वाचता येत नव्हता. जंतूच्या बाह्य आवरणावर निरनिराळे रक्तद्रव टाकून तो कोणत्या गटाचा हे ठरवत. ही पद्धत उपयोगी आहे आणि आजही चालते, पण तिला मर्यादा आहेत. पांढऱ्या हगवणीचा जंतू आणि कोंबडीच्या टायफॉइडचा जंतू रक्तद्रवाच्या चाचणीत सारखेच दिसतात. त्यांच्यातील भेद इतर रासायनिक चाचण्यांनी किंवा जनुके पाहूनच कळतो.

१९८३ मध्ये अमेरिकेत कॅरी म्युलिस यांनी पी.सी.आर.ची कल्पना मांडली. जनुकाचा हवा तेवढा तुकडा निवडून त्याच्या लाखो प्रती काढण्याची ही युक्ती. तिच्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाच्या दिवसांत हे नाव घरोघरी पोहोचले, ती चाचणी हीच. १९८४ मध्ये डी.एन.ए.चे मोठे तुकडे विजेच्या साहाय्याने वेगळे करून त्यांच्या पट्ट्यांचा नकाशा काढण्याची रीत निघाली. मालाच्या खोक्यावर आडव्या-उभ्या रेघांचा कोड असतो तसा हा नकाशा दिसतो. १९९८ मध्ये काही ठरावीक जनुकांची, बहुधा सातांची, अक्षरे वाचून वाणाला क्रमांक देण्याची पद्धत आली. त्यामुळे अकोल्याचा जंतू आणि अमेरिकेचा जंतू यांची तुलना एकाच मापाने होऊ लागली. आता संपूर्ण धागाच वाचतात. एखाद्या जीवाणूचा पूर्ण धागा प्रथम वाचला गेला तो १९९५ मध्ये. कोंबडीच्या कॉलऱ्याच्या जंतूचा सुमारे साडेबावीस लाख अक्षरांचा धागा २००१ मध्ये वाचून झाला.

पुण्यात जन्मलेली संस्था

ही विद्या परदेशी वाटत असली तरी तिची एक जुनी पाळेमुळे महाराष्ट्रात आहेत. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. जनावरांच्या साथी शोधण्यासाठी सरकारने ती काढली होती. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली आणि पुढे बरेलीजवळ इज्जतनगरला तिचे मोठे केंद्र झाले. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्था. पशुपक्ष्यांतील साल्मोनेलाचे प्रकार ठरवण्याचे राष्ट्रीय केंद्र याच संस्थेत आहे.

कोंबडीचा कॉलरा तर लसीच्या इतिहासातच मानाचे स्थान मिळवून बसला आहे. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८७९-८० मध्ये याच रोगावर काम करताना प्रयोगशाळेत दुबळा केलेला जंतू टोचून कोंबड्या वाचवल्या. त्या जंतूला पुढे पाश्चर यांचेच नाव देण्यात आले. म्हणजे प्रयोगशाळेत दुबळा केलेल्या जंतूची पहिली लस कोंबडीवर सिद्ध झाली.

भांडण मिटते कसे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पांढरी हगवण, टायफॉइड आणि सी.आर.डी. यांचे जंतू आजारी मादीकडून अंड्यातून पिल्लात उतरू शकतात. टायफॉइडमधून वाचलेली कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण पोटात जंतू बाळगते. अशा कोंबडीची अंडी उबवणीत गेली की यंत्रात शेजारची पिल्लेही बाधित होतात. दुसरीकडे हेच जंतू जाळ्या, टेम्पो, बूट, उंदीर, ओले तूस आणि बाजारातून न विकता परत आणलेल्या कोंबड्या यांच्यामार्फतही शेडमध्ये शिरतात. वाटा दोन, आणि शवविच्छेदनात दिसणारी लक्षणे मात्र सारखी.

वाण ओळखले तर निवाडा सोपा होतो. समजा, एकाच हॅचरीची एकाच दिवसाची पिल्ले चार गावांतील चार शेडमध्ये गेली आणि चारही ठिकाणी पहिल्या आठवड्यात मर लागली. चारही ठिकाणचे जंतू एकाच वाणाचे निघाले आणि पिल्ले उतरली त्या दिवशीच्या नमुन्यातही तेच वाण सापडले, तर शेडवाल्याच्या तुसाला दोष देता येणार नाही. उलट, पिल्लांच्या नमुन्यात काही नाही आणि चौथ्या आठवड्यात मेलेल्या पक्ष्यांतील वाण शेजारच्या शेडमधील वाणाशी जुळते, तर रोग बाहेरून आला हे शेडवाल्याने मान्य करावे. मागच्या खेपेचेच वाण पुन्हा निघाले तर शेडची सफाई अपुरी राहिली असे समजावे.

मात्र एक सावधगिरी हवी. दोन वाणे जुळली म्हणजे नाते सिद्ध झाले, पण रोग कुणाकडून कुणाकडे गेला हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी तारखा, खेपा आणि मरतुकीची रोजची नोंद लागते. वही नसेल तर सर्वांत महाग चाचणीही मुकी राहते. आणि ही चाचणी तुलनेची आहे, एकट्या नमुन्याला फारशी किंमत नाही.

लस दिली तरी रोग का येतो

‘लस टोचली होती तरी पक्षी गेले’, ही तक्रार नेहमीची आहे. लस शिळी असेल, थंडी तुटली असेल, टोचणाऱ्याचा हात चुकला असेल. पण कधी कधी कारण वेगळेच असते, लस एका वाणाची आणि रोग दुसऱ्या वाणाचा. कोरायझाच्या जंतूचे अ, ब आणि क असे तीन प्रमुख प्रकार आहेत. एका प्रकाराची लस दुसऱ्या प्रकारापासून नीट बचाव करीत नाही. कॉलऱ्याच्या जंतूचेही सोळा प्रकार मानतात, आणि मेलेल्या जंतूंपासून केलेली लस मुख्यतः आपल्याच प्रकारावर चालते. म्हणून लस निवडण्यापूर्वी आपल्या भागात कोणते वाण फिरते हे माहीत असणे म्हणजे पैसा वाचवणे आहे.

टायफॉइडवर काही देशांत ‘नऊ-आर’ नावाच्या दुबळ्या केलेल्या जिवंत वाणाची लस देतात. हे वाण १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाले. बेल्जियममध्ये अंड्यांच्या कोंबड्यांत टायफॉइड आला तेव्हा शास्त्रज्ञांनी त्या जंतूंचे पूर्ण धागे वाचले. ते जंतू लसीच्या वाणाच्या अगदी जवळचे निघाले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ लस टाकून द्यावी असा नाही. पण लसीचा जंतू आणि साथीचा जंतू वेगळे ओळखण्याची सोय हवी, आणि ती जनुके पाहूनच होते.

औषधाचा अंदाधुंद वापर

मर लागली की दुकानातून मिळेल ते प्रतिजैविक पाण्यात घालायचे, ही सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. तिने तीन तोटे होतात. रोग विषाणूचा असेल तर पैसा वाया जातो. जंतूचा असेल आणि ते वाण औषधाला दाद देत नसेल तर वेळही जातो. आणि औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाही, म्हणजे पुरावाच नष्ट होतो.

चौथा तोटा सर्व समाजाचा आहे. २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी कोलिस्टीन या औषधाला निष्प्रभ करणारे एक जनुक जगापुढे आणले. हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारू शकते. कोलिस्टीन हे अत्यवस्थ माणसासाठी राखून ठेवलेले शेवटच्या फळीचे औषध आहे, आणि कोंबड्यांच्या खाद्यात ते वजन वाढवण्यासाठी सर्रास जात होते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांत आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टीन वापरण्यावर बंदी घातली. खाद्य आणि औषधे विकणाऱ्या आपल्या दुकानदारांनी ही बंदी ध्यानात ठेवावी. ‘माहीत नव्हते’ हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही.

गिऱ्हाईक आणि बाजाराची अब्रू

प्रयोगशाळेच्या कागदावर ‘साल्मोनेला’ शब्द दिसला की दुकानदार हादरतो. येथेही वाण कळणे महत्त्वाचे. कोंबडीच्या टायफॉइडचा आणि पांढऱ्या हगवणीचा जंतू मुख्यतः पक्ष्यांतच राहतो, माणसाला त्याची बाधा क्वचितच होते. त्याचाच जवळचा नातेवाईक असलेला एंटेरिटिडिस मात्र अंड्यातून माणसाला जुलाब आणि ताप देतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोघांचे पूर्ण धागे ताडून पाहिले, तेव्हा टायफॉइडचा जंतू एंटेरिटिडिससारख्या पूर्वजापासूनच निघाला आणि वाटेत त्याची पुष्कळ जनुके निकामी झाली असे दिसले.

अंड्याच्या व्यापारावर याचा परिणाम किती मोठा होतो ते अमेरिकेत २०१० मध्ये दिसले. आयोवा राज्यातील दोन फार्मांची पन्नास कोटींहून अधिक अंडी बाजारातून परत बोलवावी लागली. निरनिराळ्या राज्यांतील आजारी माणसांत एकाच छापाचा जंतू नेहमीपेक्षा जास्त सापडू लागला, त्यावरून तपासाला दिशा मिळाली. पुढे फार्मच्या मालकांना न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

आपल्याकडे जंतूंच्या साथीचा असा जाहीर तपास फारसा ऐकू येत नाही, पण विषाणूचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले. अधिकृत निदान होईपर्यंत शेडमधील पक्षी मरतच होते आणि निदान झाल्यावर हजारो निरोगी पक्षीही मारावे लागले. त्यानंतर कोंबडी आणि अंड्यांचा भाव दूरदूरच्या बाजारांत कोसळला. २०२१ मध्ये नवापूरला ही आपत्ती पुन्हा आली. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर रोग नसताना केवळ ‘चिकनमुळे करोना होतो’ या अफवेने धंदा बसला. रोग असो वा अफवा, लवकर मिळालेला खरा कागद हाच व्यापाऱ्याचा आधार आहे.

नमुना कसा द्यावा

ही विद्या परतवाड्याच्या शेडवाल्याच्या कामी यायची तर सुरुवात चांगल्या नमुन्याने होते. खालील गोष्टी पाळाव्यात.

१. औषध सुरू करण्यापूर्वी नमुना द्यावा. तीन-चार आजारी किंवा नुकतेच मेलेले पक्षी निवडावेत. सकाळी मेलेला पक्षी उन्हात संध्याकाळपर्यंत पडला तर त्यात कुजीचे जंतू वाढतात आणि तपास फसतो.

२. पक्षी शेडवर फाडू नये. दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून, भोवती बर्फ ठेवून थर्माकोलच्या पेटीत न्यावा. गोठवू नये.

३. सोबत चिठ्ठी द्यावी. तिच्यात पिल्ले आल्याची तारीख, हॅचरीची खेप, पक्ष्यांचे वय, रोजची मरतूक, दिलेल्या लसी, औषधे आणि खाद्य लिहावे.

४. पिल्ले उतरतात त्या दिवशी खोक्यात मेलेली पिल्ले आणि खोक्याच्या तळाचा कागद फेकू नये. हाच पुढे तुलनेचा नमुना ठरतो. पावती जपून ठेवावी.

५. प्रथम तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तेथून नमुना अमरावतीला, अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेकडे, नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा सल्ला मिळतो. जंतू वेगळा केल्यावर तो जपून ठेवावा आणि वाण ठरवण्यासाठी पुढे पाठवावा, अशी लेखी विनंती करावी. मागितले नाही तर तपास बहुधा जंतूच्या आडनावावर थांबतो.

६. रोग लपवू नये. २००९ च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्या यादीत कोंबडीचा कॉलरा, टायफॉइड आणि पांढरी हगवणही आहे.

नमुना देऊन स्वस्थ बसू नये. जंतू वाढवायलाच दोन-तीन दिवस लागतात आणि वाण ठरायला त्याहून जास्त. तोवर आजारी पक्षी वेगळे करावेत, मेलेले खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. मरणाऱ्या पक्ष्यांची स्वस्तात उचल करणारे दलाल याच वेळी शेडवर येतात. मेलेली कोंबडी मुरदार आहे, ती विकणे आपल्या दुकानदाराला कोणत्याच हिशोबाने परवडणारे नाही. माल उचलणाऱ्यांनी जाळ्या प्रत्येक फेरीनंतर धुऊन, जंतुनाशक मारून उन्हात वाळवाव्यात. जाळ्या बनवणाऱ्या कारागिरांनीही कोपऱ्यात विष्ठा अडकणार नाही अशी घडण करावी, अशा मालाला गिऱ्हाईक मिळेल. बाजारातून परतलेली गावरान कोंबडी निदान पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवावी.

करारात एक कलम

शेवटी एक व्यवहाराची सूचना. कराराने पक्षी वाढवणाऱ्या शेडवाल्यांनी करारपत्रात एक साधे कलम घालण्याचा आग्रह धरावा. मरतूक ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेली तर दोन्ही बाजूंच्या समोर नमुना घेतला जाईल, तो सरकारी प्रयोगशाळेत जाईल आणि तेथील अहवालावरून नुकसानीची वाटणी होईल, एवढेच ते कलम. एकट्या शेडवाल्याचे कुणी ऐकणार नाही. पण परतवाडा-अचलपूरच्या दहा-वीस शेडवाल्यांनी आणि माल उचलणाऱ्यांनी मिळून ही मागणी केली, नमुन्याचा खर्चही मिळून उचलला, तर नकार देणे जड जाईल. मोठ्या हॅचऱ्यांजवळ स्वतःची प्रयोगशाळा असते, त्यांचा कागद तयार असतो. आपलाही कागद तयार असला पाहिजे. पुढची पिल्ले येण्यापूर्वी निदान वही आणि थर्माकोलची पेटी घेऊन ठेवावी.